सोलायचे राहिलेले वाल

नंदन,

आधी भांडून घेते. रडणं काय, तीन आठवडे चालूच आहे, ते कुठे पळून जात नाही.

एकेचाळीस फायली! एकेचाळीस फायलींत बदल करून ठेवलेस आणि कमिट एकही नाही? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला अकरा वर्षं छळलंस. एका कमिटमध्ये एकच बदल, मानसी. दोन गोष्टी एका पुडीत बांधू नकोस, मानसी. आणि जाताना स्वतः हा एवढा ढीग टाकून गेलास. मी तुझा लॅपटॉप उघडला, बदललेल्या फायलींची यादी खाली खाली सरकतच राहिली, आणि सवयीने माझ्या तोंडून मोठ्याने "मेल्या!" निघालं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं चपापली. मीही चपापले. तुला हा शब्द आता म्हणता येणार नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

लॅपटॉप आणायला मीच गेले होते गिरगावात. सर म्हणाले कुरिअरवाल्याला पाठवू, मी म्हटलं काही नको. वाडीत शिरल्यावर तुझ्या घराचे दोन जिने मी किती वेळा चढलेय, पण या वेळी पहिल्या मजल्यावरच थांबावं लागलं. काकू दारातच उभ्या होत्या. तू हॉस्पिटलात जाताना बॅग जशी भरून ठेवली होतीस तशीच त्यांनी माझ्या हातात दिली. चार्जरच्या वायरीला रबरबँड. काय तो नीटनेटकेपणा, नंदन! मग त्यांनी विचारलं, "यात त्याचं काही राहिलंय का गं?"

मी सांगितलं, की काकू, आम्ही कोडमध्ये काही बदल केला की तो नोंदवून ठेवतो. काय बदललं, कोणी बदललं, का बदललं. त्याला कमिट म्हणतात. एकदा नोंदवलं की ते ऑफिसात सगळ्यांकडे पोचतं आणि कायमचं राहतं. पण नोंदवलं नसेल तर ते फक्त त्या एका मशीनमध्ये असतं. नंदनचं शेवटच्या दोन महिन्यांचं काम बहुतेक अजून यातच आहे.

"मग ते बाहेर काढ," काकू म्हणाल्या. "आणि नाव त्याचंच राहू दे हां."

"हो तर," म्हणाले मी. हे कसं करायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तुझ्या आईला काय सांगू, बघते, विचारते? हो म्हणून मोकळी झाले.

सोमवारी सरांनी सांगितलं, लॅपटॉप पुढच्या आठवड्यात साफ करून नव्या माणसाला द्यायचाय, आणि शुक्रवारी डायलिसिस सेंटरला नवीन व्हर्जन जायचंय. "एवढं काय त्यात? सगळं एकाच कमिटमध्ये टाक, वर 'नंदनचं काम' असं लिही आणि मोकळी हो. दहा मिनिटांचं काम आहे." वाईट माणूस नाहीत रे ते. डोळे त्यांचेही लाल होते. पण मी असं काही बघितलं त्यांच्याकडे, की ते म्हणाले, "बरं बाई, गुरुवार संध्याकाळपर्यंत."

तुला आठवतं, आपलं हे सगळं कशावरून सुरू झालं ते? मी नवीन होते. आपण ज्या डायलिसिस सेंटरसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यांच्या पेशंटच्या यादीत मला एक बारीक दुरुस्ती करायची होती. जाता जाता मी तारखांची मांडणी बदलली, एका बटणाचा रंग बदलला, यादीचा क्रम बदलला, आणि घरी जायची घाई म्हणून सगळं एका कमिटमध्ये कोंबलं. वर लिहिलं, "बारीकसारीक". दुसऱ्या दिवशी सेंटरमधून फोन. यादी उलटी दिसतेय, संध्याकाळचे पेशंट सकाळी बोलावले जातायत. तो एक बदल मागे घ्यायचा तर बाकीचे तिन्हीही मागे येत होते, कारण मीच ते एकत्र बांधलेले. तू शनिवार अख्खा घालवलास ते सुटं करण्यात. मला वाटलं, सोमवारी माझी हजामत होणार. तू सोमवारी आलास तो डबा घेऊन. बिरडं.

"हे खा," म्हणालास. "आणि विचार, हे कसं करतात."

वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक वाल हातात घेऊन सोलायचा. तुमच्याकडे म्हणे वाल सोलायला घरातली सगळी माणसं एका चादरीभोवती बसतात. साल इकडे, डाळिंबी तिकडे, किडका बाजूला. घाई करून मूठ मूठ चोळलेत तर डाळिंब्या मोडतात आणि सालं तशीच राहतात. एवढं ऐकवून झाल्यावर तू म्हणालास, "बये, कोडचंही तसंच." मी मनात म्हटलं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण बिरडं अप्रतिम होतं, म्हणून गप्प बसले.

तेव्हापासून रोज साडेपाचला तुझी हाक. "चला, वाल सोलायला." नवीन आलेल्या पोरांना कळायचंच नाही, ही दोघं काय बोलतायत. दिवसभर जे जे लिहिलं असेल ते मशीन तुकड्या-तुकड्याने समोर आणायचं आणि दर तुकड्याला विचारायचं, हा घ्यायचा का? तू वाचायचास, "हा?" मी म्हणायचे, "घे." "हा?" "नको, तो दुसऱ्यातला आहे." "आणि हा काय आहे?" "तो... तो काढून टाक, ते मी सहज करून बघत होते." तुझा चेहरा असा व्हायचा, जसा काही मी सालासकट वाल तोंडात टाकलाय. मग वर कारण लिहायचं. त्यावरही तुझं व्याख्यान ठरलेलं. "का ते लिही. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच की."

एकदा मी चिडून म्हटलं, आमच्या लालबागला सुकट निवडतात, तीसुद्धा एकेक काडी करून, पण आम्ही त्याची प्रवचनं देत नाही. तू म्हणालास, मग खायला तरी घाल. आलास, तीनदा भात घेतलास, आईला म्हणालास, काकी, आमच्याकडच्या सुकटीला ही चव नाही. आई अजून सांगते, "तो झील बरो जेवता. तेका परत घेवन ये गो." परवा मी तिला सांगितलं, आई, नाही येणार आता. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना तिने तुझं नाव घेतलं, तेवढं मी ऐकलं.

आता ते भांडण. टाळतेय मी मघापासून.

सेंटरमध्ये भिंतीवर आकडा लागतो. ज्याचा आकडा, त्याने उठून आत जायचं. चार वर्षांपूर्वी आपण तो आकडा लावून दिला, त्या पहिल्या दिवसापासून मी म्हणत होते, नावाने हाक मारा. माझे बाबा आठवतात ना तुला? शेवटची दोन वर्षं तेही डायलिसिसला जायचे, दुसऱ्या एका ठिकाणी. एकदा आकडा लागून गेला आणि हे पाऊण तास तसेच बसून. मी ऑफिसातून पोचले तर मलाच म्हणतात, "गिरणीत बिल्लो नंबर, हयपण नंबर. नावान कोण हाक मारतलो काय नाय?" हे मी तुला सांगितलं तेव्हा तू हातातला चहा खाली ठेवलास. पण नंतर डोकं हलवलंस. "मानसी, मागच्या बाकावर त्या पेशंटच्याच चाळीतला कोणी बसलेला असेल. ह्याची किडनी गेलीय हे त्याला कशाला कळायला हवं? आकड्याला अब्रू असते." मी म्हटलं, अब्रू घेऊन काय करू, नंबर गेला तर? तू म्हणालास, "गप." तुझं हे 'गप' मी ओळखून होते. मुद्दा पटला पण मान्य करायचा नाही, असं असलं की तू म्हणायचास. चार वर्षं आपण ह्या एका गोष्टीवर भांडलो. चहाच्या टपरीवर, तुळशी पाइप रोडच्या फुटपाथवर, एकदा तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर इतके, की शेजारच्या आजोबांना वाटलं आपण नवरा-बायको आहोत. ते मला म्हणाले, "जाऊ दे मुली, पुरुषांना उशिरा समजतं." तू किती हसलास!

मग तू आजारी पडलास. एकदा मी आले होते तुझ्याबरोबर, तपासणीला. तिथेही तेच. भिंतीवर आकडा. आपला सत्तेचाळीस. औषधांनी तुला सारखी गुंगी. आकडा लागला तेव्हा मी पाण्याची बाटली भरायला गेलेले. परत आले तर भिंतीवर एकोणपन्नास, आणि तू मान खाली घालून बसलेला. मी धावले. माझ्या आधी तिथली एक मावशी तुझ्यापाशी पोचली, हातातला कागद बघून म्हणाली, "नंदनदादा, चला, डॉक्टर थांबलेत." तू चटकन डोळे उघडलेस आणि उठलास. आत जाताना मी तुझ्या कानात म्हटलं, "बघितलंस?"

"गप," म्हणालास.

त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नाही. मीच काढला नाही. आजारी माणसाशी वाद घालून जिंकायचं कसलं? तुझा शेवटचा फोन आला तो कामाचाच. मी विचारलं, कोड पाठवतोस ना? म्हणालास, "लिहून झालंय. सोलायचे राहिलेत गं. शुक्रवारी बसू." मी म्हटलं, "शुक्रवारी नक्की. डबा मी आणते." तो शुक्रवार आला तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडे गेला होतास.

तर मंगळवारी दुपारी मी तुझ्या खुर्चीत बसले. आधी अख्ख्या फोल्डरची दुसरीकडे प्रत करून ठेवली. हेही तूच शिकवलेलं, माझ्या हाताचा तुला भरवसा नव्हता. मग सुरू केलं. हा घ्यायचा का? घे. हा? थांब, हा छपाईतला दिसतोय, रिपोर्ट नव्या कागदावर काढायचा प्रयत्न. हा? हा तर नुसता चुकून पडलेला स्पेस. पहिल्या तासाभरात मला राग यायचा बंद झाला. तू कधी काय करत होतास ते दिसायला लागलं. अमुक ठिकाणी तू थकला होतास, कारण एकच गोष्ट दोनदा लिहिलीयस. तमुक ठिकाणी डोकं लख्ख चालत होतं. मध्येच सोडून दुसरीकडे गेलायस, परत आलायस. हॉस्पिटलच्या पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन, हाताला सुई लावलेली असताना, माणूस असंच लिहिणार. त्यात सोलायचं कुठून?

आणि जागोजागी तुझ्या त्या ओळी. प्रोग्राम कुठवर पोचतो ते बघायला तू मध्ये मध्ये छापायला लावायचास ना, 'इथे आलो'. पुढे, 'इथेही आलो'. एका जागी तर, 'अरे वा, इथपर्यंत आलो'. काम झालं की त्या काढून टाकायच्या असतात. कमिटमध्ये अशी एक ओळ राहिली तर तू माझी सालं काढायचास. अकरा होत्या. दहा काढल्या. अकरावी काढायला मात्र जीव होईना. पाणी प्यायले. खिडकीतून गिरणीची ती चिमणी बघितली. शेवटी काढली. पेशंटच्या सॉफ्टवेअरमध्ये आपला कचरा ठेवायचा नाही, हे तुझंच म्हणणं. पण कागदावर लिहून घेतल्या, अकराच्या अकरा. तेवढं मला करू दे.

बुधवारी संध्याकाळी छपाई वेगळी झाली, तारखांची दुरुस्ती वेगळी झाली, एक जुनी चूक वेगळी झाली, अशी एकेक करत सहा कमिट झाली. ढीग सरत आला तरी चार फायलींतले काही तुकडे उरले, कशातच न बसणारे. ते मी एकापुढे एक ठेवून वाचले.

पेशंटच्या नोंदीत एक नवीन रकाना. 'हाक मारायचं नाव'. पेशंटने स्वतः सांगायचं. आडनाव नाही, आजार नाही, फक्त ज्या नावाने हाक मारलेली त्याला आवडेल ते. भिंतीवर आकडाच राहील. पण दोन मिनिटांत कोणी उठलं नाही, तर सिस्टरच्या स्क्रीनवर ते नाव दिसेल आणि खाली एक बटण येईल, 'नावाने हाक मारा'.

नंदन! अरे गाढवा! सांगितलं का नाहीस मला?

चार वर्षांचं भांडण पन्नासेक ओळींत मिटवून ठेवलंस. तुझी अब्रूही राखलीस आणि माझ्या बाबांची हाकही ठेवलीस. सरांचं ऐकून मी सगळं एका पुडीत बांधलं असतं, तर हे एकेचाळीस फायलींच्या पोटात कुठेतरी गेलं असतं आणि मला कधी कळलंच नसतं, की तू हो म्हणाला होतास. त्या खुर्चीत बसून मी हमसून हमसून रडले. कोणी काही विचारलं नाही, शहाणी आहेत पोरं.

आता तुला न सांगितलेलं एक सांगते. काकूंनाही सांगितलेलं नाही. शेवटच्या दिवशी मी तुझ्याजवळ पाच मिनिटं एकटी होते. सिस्टर म्हणाली, हाक मारा, कधी कधी ऐकू जातं. मी मारली. नंदन. मग जोरात मारली. मग आपली नेहमीची, "नंदन, चला, वाल सोलायला." तू डोळे उघडले नाहीस. माणूस नावाला उठतोच, असं मी तुला चार वर्षं ऐकवलं, आणि ज्या दिवशी मला ते खरं व्हायला हवं होतं त्याच दिवशी ते खोटं ठरलं. तेव्हापासून मनात एकच. हरले मी ते भांडण, नंदनच बरोबर होता. आणि तू तर त्याच्या कितीतरी दिवस आधी हे लिहून ठेवलेलंस.

शेवटच्या कमिटवर कारण लिहायची वेळ आली. का ते लिही, काय नको. पण का, हे तुझ्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. तू विचार बदललास तो त्या सत्तेचाळीस नंबरमुळे की बाबांमुळे, का त्या कट्ट्यावरच्या आजोबांमुळे? मी चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी जे मला माहीत होतं तेवढंच लिहिलं. "गुंगीत असलेल्या पेशंटला आकडा दिसत नाही. नावाने हाक मारली तर तो उठतो. हे आम्ही स्वतः बघितलं आहे."

'आम्ही' चालेल ना?

आणि काकूंना दिलेला शब्द. तुझ्याच लॅपटॉपवरून सरळ कमिट केलं असतं तर सगळीकडे तुझंच नाव लागलं असतं, पण नोंदवल्याची तारीख तू गेल्यानंतरची. ते खोटं झालं असतं, तुला खपलं नसतं. मग शोधलं, तर कळलं, ज्या गिटमध्ये आपण रोज कमिट नोंदवतो, त्यातच दोन नावं ठेवायची सोय आहे. ज्याने लिहिलं त्याचं एक, ज्याने नोंदवलं त्याचं दुसरं. इतकी वर्षं ही दोन्ही नावं एकच असायची म्हणून माझं कधी लक्षच गेलं नाही. सात कमिट झाली. लिहिणारा, नंदन. नोंदवणारी, मानसी. गुरुवारी पाच वाजून वीस मिनिटांनी सगळी पाठवून दिली. काकूंना फोन केला, नाव राहिलं म्हणून सांगितलं. म्हणाल्या, "आणि तुझं?" म्हटलं, माझंही आहे शेजारी. "बरं झालं," म्हणाल्या, "रविवारी ये, बिरडं करते. सोलायला हात लागेल."

शुक्रवारी मी सेंटरला गेले. गंमत ऐक, सकाळी नवीन व्हर्जन चढलं आणि अर्ध्या तासात छपाई बोंबलली. रिपोर्ट अर्धेच निघायला लागले. ते तुझं अर्धवट राहिलेलं होतं, मला शंका होतीच. सर फोनवर ओरडले, "सगळं मागे घ्या!" मी म्हटलं, सगळं कशाला? एक कमिट मागे घेतलं, फक्त छपाईचं. माझा चहा गार व्हायच्या आत झालंसुद्धा. बाकीची सहा जागच्या जागी. सर जरा वेळाने म्हणाले, "नंदनने शिकवलंय तुला नीट." मी म्हटलं, मारून मारून शिकवलंय.

मग मी बाहेर येऊन बाकावर बसले. सकाळपासून सिस्टर आलेल्या प्रत्येकाला हाक मारायचं नाव विचारून भरून घेत होती. समोर एक आजी, मांडीवर पिशवी, नजर भलतीकडे. भिंतीवर आकडा लागला, बारा. कोणी उठलं नाही. एक मिनिट. दोन. सिस्टरने स्क्रीनकडे बघितलं, बटण दाबलं, दारात आली आणि हाक मारली, "माईऽ!"

"आले गो बाय, आले," आजी म्हणाल्या आणि पिशवी सावरत उठल्या.

"बघितलंस?" मी म्हटलं. मोठ्यानेच म्हटलं. शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला, बघू दे. मग थांबले थोडी, तुला 'गप' म्हणायला जेवढा वेळ लागायचा, तेवढी.